आधी काच, मग पेटी, मग कॅमेरा

मालवणच्या जेटीवर सकाळी होडीत हवेच्या टाक्या चढत असतात, तेव्हा एक प्रश्न हमखास कानावर येतो: "आज पाणी कसा आसा?" कोणी "बरा आसा" म्हणतं, कोणी नुसतीच मान हलवतं. पाण्याखाली व्हिडिओ करायचा असेल तर हा प्रश्न कॅमेऱ्याच्या दुकानात शिरण्याआधी विचारायला हवा. कोणता कॅमकॉर्डर घ्यावा, त्याला पाण्यापासून वाचवणारी पेटी कुठली, काच सपाट की गोल, दिवे किती, या सगळ्याची उत्तरं त्या "कसा आसा"मध्येच आहेत.

पाण्याखालच्या व्हिडिओबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक निळ्या समुद्राबद्दल असतं. तिथे पंचवीस-तीस मीटर लांबचं दिसतं. आपल्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या, म्हणजे कुरटे बेटाच्या, आजूबाजूच्या खडपांवर जानेवारीतल्या चांगल्या सकाळीही नजर पाच-सात मीटरच्या पलीकडे क्वचित जाते. पावसाळा नुकताच सरलेला असला की दोन-तीन मीटरवर सगळं संपतं. निवतीसमोरच्या खडकांकडे, खुल्या समुद्रात, पाणी त्याहून बरं असतं. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला असलेल्या आंग्रिया बँकेवर, म्हणजे समुद्रात बुडालेल्या प्रवाळ पठारावर, तर चित्रच पालटतं. पण तिथे जाणं हा एका सकाळचा कार्यक्रम नव्हे. आपलं रोजचं पाणी किनाऱ्यालगतचं, गड आणि कर्ली नद्यांच्या गाळाचं, सूक्ष्म वनस्पतींनी भरलेलं, हिरवं. खरेदी या पाण्यासाठी करायची.

या पाण्यात व्हिडिओ बिघडतो तो अंतरामुळे. भिंग आणि मासा यांच्यामध्ये जितकं पाणी, तितके त्यात तरंगणारे कण, तितका रंगाचा आणि कडांचा ऱ्हास. नजर जेवढी जाते त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहून चित्रीकरण करावं, असा एक ढोबळ हिशेब आहे. पाच मीटर दिसत असेल तर एक मीटर, चार मीटर दिसत असेल तर ८० सेंटिमीटर. त्यापुढे गेलात की चित्र करड्या-हिरव्या धुक्यात जातं, आणि संगणकावर कितीही रंग चढवले तरी ते धुकं हटत नाही, कारण त्या फ्रेममध्ये खरी माहितीच कमी नोंदली गेलेली असते.

त्यामुळे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला झूमचा आकडा इथे बिनकामाचा आहे. झूम केल्यानं मासा मोठा दिसतो, पण मधलं पाणी तेवढंच राहतं. उपयोगाचं असतं ते रुंद भिंग, म्हणजे अगदी जवळ जाऊनही बरंच काही चौकटीत बसवणारं. आणि पाण्याखाली भिंगाची रुंदी कॅमेऱ्याइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, पेटीच्या काचेवर अवलंबून असते.

ही काच म्हणजे पोर्ट. पोर्ट दोन तऱ्हेचं: सपाट आणि घुमटासारखं, ज्याला डोम म्हणतात. सपाट पोर्टमध्ये प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून सगळं एक-तृतीयांशानं मोठं दिसतं आणि भिंगाचा कोन तेवढा आक्रसतो. ३० मिमीइतकं रुंद असलेलं भिंग सपाट काचेमागे ४० मिमीचं असल्यासारखं वागतं. आकड्यांत सांगायचं तर ३० मिमी भिंगाचा आडवा कोन हवेत सुमारे ६२ अंश असतो, तो सपाट पोर्टमागे ४६ अंशांवर येतो. ८० सेंटिमीटर अंतरावरून डोममधून सुमारे ९६ सेंटिमीटर रुंदीचं दृश्य मिळतं, सपाट काचेतून फक्त ६७. मोठा गोबरा मासा आणि त्याच्या कपारीचं तोंड एकत्र घ्यायचं असेल तर सपाट पोर्टवाल्याला आणखी ३५ सेंटिमीटर मागे सरकावं लागतं. ते ३५ सेंटिमीटर हिरवं पाणी त्याच्या चित्रात येऊन बसतं. शिवाय सपाट काचेत कडेला रंगांच्या झालरी उमटतात आणि कोपरे ओढल्यासारखे दिसतात.

डोममध्ये कोन शाबूत राहतो, पण त्याचा एक हट्ट असतो. डोम आणि पाणी मिळून स्वतःच एक भिंग बनतं, आणि समोरच्या दृश्याची एक आभासी प्रतिमा डोमच्या अगदी पुढ्यात उभी करतं. लांबचं दृश्य असलं तरी ती प्रतिमा डोमच्या पृष्ठापासून त्याच्या त्रिज्येच्या साधारण तिप्पट अंतरावर असते. त्रिज्या ७ सेंटिमीटर असेल तर सुमारे २१ सेंटिमीटरवर. कॅमेऱ्याला फोकस करायचा असतो तो त्या प्रतिमेवर. बहुतेक कॅमकॉर्डर रुंद टोकाला एक-दोन सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करतात, त्यामुळे तिथे अडत नाही. झूम करायला लागलात की मात्र किमान फोकस अंतर वाढत जातं, पार लांब टोकाला मीटरभरापर्यंत, आणि चित्र पुसट होतं. डोममागे झूम चालत नाही ते यामुळे. कॅमेरा बिघडला असं समजून दुरुस्तीला नेण्याचं कारण नाही. झूमच्या मधल्या टप्प्यापर्यंत मोकळीक हवी असेल तर भिंगावर +२ ते +४ डायऑप्टरची (डायऑप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबरसारखं भिंगाच्या ताकदीचं माप) क्लोज-अप काच चढवतात.

डोम भिंगासमोर बरोबर ठिकाणी बसणंही तितकंच गरजेचं. डोमचा केंद्रबिंदू आणि भिंगाचं प्रवेशद्वार, म्हणजे जिथून प्रकाशकिरण आत शिरताना दिसतात ती जागा, जुळली नाहीत तर मधला भाग धारदार आणि कोपरे लोण्यासारखे येतात. म्हणून एका मॉडेलसाठी बनवलेल्या पेटीत दुसरा कॅमेरा फोम लावून बसवण्याचा उद्योग करू नये. बटणं जुळली तरी काच जुळत नाही.

तिसरा मार्ग बाहेरून लावायच्या रुंद भिंगाचा, ज्याला वेट लेन्स म्हणतात. सपाट पोर्टवर ती पाण्याखालीच चढवता-उतरवता येते. एकाच बुडीत आधी छोटी गोगलगाय आणि मग कासव घ्यायचं असेल तर ही सोय मोठी. पण लेन्स आणि पोर्ट यांच्यामध्ये पाणी भरलेलं असावं लागतं. तिथे हवेचा बुडबुडा अडकला तर चित्राच्या वरच्या भागात चंद्रकोरीसारखी आडवी कड दिसते. पाण्यात उतरल्यावर लेन्स एकदा सैल करून, कॅमेरा उलटा-सुलटा करून बुडबुडा घालवायचा आणि परत बसवायची. इतकंच, पण विसरलं की अख्खी बुडी वाया.

काच ठरली की पेटी. कोकणात पेटीच्या खोलीच्या आकड्यावर पैसे उधळू नयेत. मालवण-तारकर्लीच्या बहुतेक बुड्या बारा मीटरच्या आतल्या, निवतीच्या त्याहून थोड्या खोल, आणि हौशी पाणबुडीची सर्वसाधारण मर्यादाच ४० मीटर. ६० मीटरपर्यंतची पेटी पुरून उरते. उलट 'वॉटरप्रूफ स्पोर्ट्स पॅक' नावानं विकले जाणारे, दोन-पाच मीटरसाठीचे हलके खोके स्नॉर्केलिंगपुरतेच बरे. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. १० मीटरवर पेटीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर बाहेरून सुमारे एक किलोचा जादा भार असतो. हाताच्या तळव्याएवढ्या झाकणावर तो शंभर किलोच्या घरात जातो.

पारदर्शक पॉलिकार्बोनेट की अॅल्युमिनियम? आयकेलाइटसारख्या पारदर्शक पेट्या आणि गेट्ससारख्या अॅल्युमिनियमच्या पेट्या यांच्यातला वाद जुना आहे. अॅल्युमिनियम मजबूत, लहान, कॅमेऱ्याची उष्णता लवकर बाहेर टाकणारं, बटणं बोटाला नेमकी लागणारी. पण खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम आणि स्टीलचे स्क्रू एकत्र आले की धातू खाल्ला जातो, आणि अॅनोडायझिंगचा, म्हणजे धातूवर चढवलेला संरक्षक, थर एकदा खरवडला की तिथे पांढरी पूड धरू लागते. पारदर्शक पेटी बोजड असते, पण तिच्यात मुख्य ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या सांध्यातून पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी, नीट दबलीय का ते डोळ्यांना दिसतं. दबलेली रिंग गडद, अखंड पट्टीसारखी दिसते; कुठे केस अडकला असेल तर तिथे पट्टी तुटते. आत पाण्याचा थेंब आला तर तोही लगेच दिसतो. पहिल्या पेटीसाठी पारदर्शकच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेटीतून कॅमेरा चालवायचा कसा, हा मुद्दा खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. जुन्या कॅमकॉर्डरांना बटणं आणि चाकं होती; पेटीतून आत गेलेल्या दांड्या ती दाबत. सोनीनं आणलेल्या लॅन्क या तारेच्या जोडणीतून रेकॉर्ड, झूम, फोकस विजेनं चालवता येत, म्हणजे पेटीला भोकं कमी आणि गळतीच्या जागाही कमी. पुढे कॅमेरे टचस्क्रीनवर गेले आणि घोटाळा झाला. पडद्यावर बोट टेकवायला पेटीत जागा नाही आणि बाहेरून स्पर्श पोचत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची रंगांची जुळवणी, मेन्यूच्या चौथ्या पानावर, तेही स्पर्शानंच, असेल तर पाण्याखाली तो नसल्यातच जमा. खरेदीआधी कॅमेरा हातात घ्या, पडद्याला बोट न लावता चार गोष्टी करून पाहा: रेकॉर्ड चालू-बंद, हातानं व्हाइट बॅलन्स, फोकस कुलूपबंद करणं, एक्स्पोजर कमी-जास्त. मग तीच चार कामं त्या विशिष्ट पेटीतून होतात का ते पेटीच्या माहितीपुस्तिकेत शोधा. दोन्हीकडे होकार असेल तरच पुढे जा.

आता कॅमेरा, सर्वांत शेवटी. गढूळ पाण्याला कॅमेऱ्यातली एक गोष्ट फार खटकते, ती म्हणजे कमी बिटरेट, अर्थात दर सेकंदाला साठवलेली कमी माहिती. व्हिडिओ साठवताना कॅमेरा मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच प्रामुख्यानं लिहितो. स्वच्छ निळ्या पाण्यात मागचा निळा रंग फारसा बदलत नाही, त्यामुळे माहिती कमी लागते. आपल्या पाण्यात हजारो कण प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतात. सगळंच हललेलं असतं. मग मोजक्या माहितीत ते बसवताना चित्र चौकटी-चौकटींत फुटतं, खडकावरचा पोत मेणासारखा गुळगुळीत होतो. २००६ साली सोनी आणि पॅनासॉनिकनं आणलेल्या एव्हीसीएचडी या साठवणुकीच्या पद्धतीत कमाल २४ मेगाबिट प्रतिसेकंद मिळायचे, नंतरच्या ५०-फ्रेम प्रोग्रेसिव्ह प्रकारात २८. यातले १७ किंवा ९ मेगाबिटचे कमी दर्जाचे प्रकार कधीही निवडू नका. ५० मेगाबिटची एक्सएव्हीसी एस ही नंतरची पद्धत असलेला कॅमेरा मिळाला तर तो नक्कीच बरा. जागेचा हिशेब सोपा: २४ मेगाबिटला तासाला सुमारे ११ जीबी, ५० ला साडेबावीस जीबी. ६४ जीबीचं कार्ड दिवसाच्या दोन बुड्यांना पुरतं.

आपल्याकडे ५० फ्रेमचा, प्रोग्रेसिव्ह १०८०पी प्रकार घ्यावा. जुन्या १०८०आयमध्ये प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत येते, आणि लाटेच्या ओढीत डोलणाऱ्या कॅमेऱ्यात वाम सळसळत गेली की तिच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात. टेपवर चालणारे एचडीव्ही कॅमेरे आता जुन्या बाजारात दिसतात. चित्र त्यांचं चांगलं असे, पण आत फिरणारा ड्रम असल्यामुळे दमट हवेत त्यांचा दवसूचक लागतो आणि कॅमेरा तासभर बंद राहतो. कोकणात ते नकोच.

स्थिरीकरणाबद्दल एवढंच: 'अॅक्टिव्ह' नावाचा प्रकार चित्राच्या कडा कापून वापरतो, म्हणजे डोमनं वाचवलेला कोन पुन्हा जातो. साधं, भिंगातलं स्थिरीकरण चालू ठेवा. अॅक्शन कॅमेरा घेऊ का, असं अनेक जण विचारतात. घ्या, जरूर घ्या. तो रुंद असतो आणि त्याची पेटी सोपी असते. पहिल्या पिढीतल्या काही अॅक्शन कॅमेऱ्यांच्या पेटीची काच बाहेर फुगीर होती आणि पाण्याखाली सगळं पुसट यायचं. नंतर सपाट काचा आल्या. पण लहान डबी लाटेच्या ओढीत पानासारखी हलते. तीन-चार किलोची पेटी दोन्ही हातांत धरली की तिचं वस्तुमानच तिला शांत ठेवतं, आणि ती शांतता कुठल्याही सेटिंगनं येत नाही.

रंगाकडे वळू. पाणी लाल रंग आधी खातं. पाच मीटरवर तो जवळपास गेलेला असतो, नंतर नारिंगी, मग पिवळा. इथे अनेकांचा हिशेब चुकतो: खोली पाच मीटर आणि मासा एक मीटर लांब असेल तर प्रकाशानं सहा मीटर पाणी ओलांडलेलं असतं. निळ्या समुद्रात यावर लाल फिल्टर लावतात. आपल्या हिरव्या पाण्यात लाल फिल्टरनं चित्र मातकट पिवळं होतं; हिरव्याला उतारा किरमिजी, म्हणजे मॅजेंटा फिल्टरचा. तो प्रकाशही खातो, एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). ढगाळ दिवशी किंवा बारा-पंधरा मीटरच्या खाली तो काढून ठेवलेला बरा, नाहीतर कॅमेरा गेन, म्हणजे कमी उजेडातल्या चित्राची विजेनं केलेली वाढ, वाढवतो आणि काळोखात दाणे नाचू लागतात. फिल्टर आणि दिवे एकत्र लावू नका. दिव्याचा प्रकाश मुळात पांढरा असतो, फिल्टरमधून तो गुलाबी होऊन येतो.

फिल्टर असो वा नसो, व्हाइट बॅलन्स हातानं करायचा. पोस्टकार्डाएवढा पांढरा प्लास्टिकचा तुकडा दोरीनं जॅकेटला बांधून ठेवा. सूर्य पाठीशी घ्या, तुकडा चौकट भरेल इतका जवळ धरा, त्यावर स्वतःची सावली पडू देऊ नका, बॅलन्स लॉक करा. दोन-तीन मीटर खोली बदलली की पुन्हा. ऑटोवर सोडलात तर एकाच शॉटमध्ये प्रवाळ आधी हिरवं, मग निळं, मग राखाडी होत जातं, आणि ते संपादनात सुधारणं फार कष्टाचं होतं.

दिव्यांचं काम जवळचं. दोन हजार लुमेनच्या आसपासचे, १०० अंश किंवा अधिक पसरट झोत देणारे दोन एलईडी दिवे आपल्याला पुरतात, कारण या पाण्यात झोत मीटरभराच्या पुढे उपयोगी जातच नाही. त्यांची जागा चुकली तर मात्र दिवा नसता तर बरं होतं असं चित्र येतं. दिवा भिंगाजवळ असेल तर मधला प्रत्येक कण उजळतो आणि पिठाची गिरणी चालू असल्यासारखं दिसतं. ३०-४० सेंटिमीटर लांबीच्या दांड्यांवर दिवे दोन्ही बाजूंना न्या, भिंगाच्या रेषेपेक्षा किंचित मागे घ्या आणि तोंडं थोडी बाहेर वळवा, म्हणजे दोन झोतांच्या आतल्या कडा माशाजवळ येऊन मिळतील आणि भिंगासमोरचं पाणी अंधारात राहील.

कपारीतली शेवंड यासाठी उत्तम परीक्षा. दिव्याविना ती तपकिरी-काळी काठी वाटते. झोत कडेनं शिरला की मिशांच्या मुळाशी रंगाचे ठिपके उघडतात, पायांवरचे पट्टे मोजता येतात. त्याच वेळी ऑटोफोकस गोंधळतो: तो आधी शेवंडीवर, मग पुढून गेलेल्या कणावर, परत शेवंडीवर असा मागे-पुढे धावतो आणि चित्र श्वास घेत असल्यासारखं फुगतं-ओसरतं. यावर उपाय म्हणजे आपला हात शेवंडीएवढ्या अंतरावर धरून फोकस करायचा, लॉक करायचा, आणि मग स्वतःचं शरीर पुढे-मागे करून अंतर सांभाळायचं. डोममागे रुंद टोकाला खोलीची स्पष्टता भरपूर असते, दहा-वीस सेंटिमीटर इकडेतिकडे चालून जातं. मात्र तोल सांभाळायला प्रवाळावर पेटी किंवा गुडघा टेकवू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे आणि प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बोटाएवढी फांदी मोडली तर ती परत यायला वर्षं जातात.

तोल पेटीचाही असतो. चार लिटर पाणी बाजूला सारणारी पेटी समुद्रात ४.१ किलो उचल घेते. कॅमेऱ्यासह तिचं वजन ३.६ किलो असेल तर ती अर्ध्या किलोच्या जोरानं वर पळते, आणि चाळीस मिनिटं तिला खाली दाबून धरल्यावर मनगटं थरथरतात. ते थरथरणं चित्रात येतं. जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं मालवणच्या बाजारात सुटी मिळतात. पाण्यात शिशाचंही वजन थोडं घटतं, म्हणून अर्ध्या किलोसाठी साधारण ५५० ग्रॅम घ्या. ती पेटीच्या तळाशी, मध्यापासून किंचित पुढे बांधा आणि बादलीत तोलून पाहा. हात सोडल्यावर पेटी सपाट राहून अगदी हळू बुडत असेल तर जमलं.

आता ओ-रिंग. पेट्या बहुतेक वेळा पहिल्या मीटरभरातच गळतात, कारण खोलवर दाबच झाकण घट्ट बसवतो आणि वर रिंगवर भार नसतो. रिंग काढायला टोकदार काही वापरू नका. बोटांनी एका जागी ढकलून तिचा फुगवटा करा आणि तिथून उचला. दोन बोटांच्या चिमटीतून ती सबंध सरकवा. वाळूचा कण डोळ्याला दिसत नाही, चिमटीला लागतो. खोबण कापसानं पुसू नका, त्याचे तंतू राहतात. चष्म्याचं मऊ कापड वापरा. मग मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस सबंध रिंगेला. रिंग ओलसर चकाकली पाहिजे, ग्रीसचा थर दिसता कामा नये. ग्रीसनं पाणी अडत नाही, ते रिंग सरकती ठेवण्यापुरतं असतं. जास्त लावलं की वाळू आणि केस ओढून घेतं. आणि ग्रीस पेटीच्या कंपनीनं सांगितलेलंच. सिलिकॉनच्या रिंगेला साधं सिलिकॉन ग्रीस लावलं तर ती फुगते आणि खोबणीत बसेनाशी होते. होडीवर पेटी उघडू नका. वारा, तुषार, केसांतून ठिबकणारं पाणी, सगळं एकदम आत येतं. बॅटरी दोन बुड्यांची, शंभर मिनिटं तरी चालणारी हवी, आणि ती जाड बॅटरी पेटीत मावते का हे दुकानातच पाहून घ्यायचं.

गळतीपेक्षा जास्त बुड्या धुक्यानं जातात. मालवणात ३२ अंश तापमानाला ७५ टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचं दव २७ अंशांना पडतं. थंडीतलं पाणी तेवढंच किंवा त्याहून गार. त्या हवेत बंद केलेली पेटी पाण्यात गेली की काच आतून पांढरी होते. वातानुकूलित खोलीत, २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत पेटी बंद केली तर दव १३ अंशांना पडेल, म्हणजे आपल्या समुद्रात पडणारच नाही. तेव्हा रात्रीच, एसी लावून, कॅमेरा आत बसवा आणि बुडी संपेपर्यंत उघडू नका. गार कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत उघडला तर दव थेट भिंगावर आणि बटणांत बसतं. एसी नसेल तर सिलिका जेल. दोन लिटर दमट हवेत पाणी अवघं ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, त्यामुळे पाच ग्रॅमची कोरडी पुडी भरपूर झाली. मात्र ती काम करायला वेळ घेते, अर्धा-पाऊण तास आधी पेटी बंद हवी. होडीवर पेटी उन्हात ठेवू नका, ओला पंचा टाकून सावलीत ठेवा.

दिवस कोणता निवडायचा हे कोळ्यांकडून शिकावं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरानं येतं-जातं आणि तळचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ओढ कमी, पाणी निवळ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा जुना हिशेब: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. मुंबईच्या मानानं मालवणात भरती थोडी आधी येते, म्हणून नेमकी वेळ तक्त्यावरून पाहावी. म्हणजे भांगाच्या दिवसांतच सकाळी भरती पूर्ण होते, बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं, आणि पहाटेची मतलई अजून समुद्र दाबून ठेवत असते. दुपारी खारे वारे सुटले की वरचं पाणी उसळतं. डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या दशमी-एकादशीला आठ-साडेआठला पाण्यात उतरावं. तेव्हा ऊनही कामापुरतं वर आलेलं असतं.

आत पाणी शिरलेलं दिसलं तर पोर्ट खाली करा, म्हणजे पाणी काचेच्या वाटीत साठेल आणि कॅमेरा काही काळ वर राहील. पण घाईनं वर येऊ नका. कॅमेऱ्यासाठी वर येण्याचा वेग मोडायचा नसतो. होडीवर आधी बॅटरी काढा, मग कार्ड. कार्ड गोड्या पाण्यात बुडवून वाळवलं तर त्यातलं चित्रीकरण बहुधा वाचतं. कॅमेरा बहुधा वाचत नाही. एका पेटीसाठी त्याच मॉडेलचा दुसरा, वापरलेला कॅमेरा स्वस्तात मिळत असताना घेऊन ठेवावा तो यासाठी, कारण मॉडेल बंद पडलं की पेटी निव्वळ खोकं उरते.

बुडीनंतर पेटी बंद असतानाच अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि प्रत्येक बटण वीस-पंचवीस वेळा दाबा. मीठ बटणाच्या दांडीभोवती वाळलं की त्याचे स्फटिक आतली छोटी रिंग कापतात. नुसतं नळाखाली धरून ते निघत नाही. पाणी आधी जिभेवर घेऊन पाहा: खाडीकाठच्या कित्येक विहिरींचं पाणी मार्च-एप्रिलपासून मचूळ होतं, आणि मचूळ पाण्यात भिजवलेली पेटी वाळल्यावर पुन्हा पांढरी पडते. अॅक्रिलिकच्या डोमला स्पिरिट किंवा काच पुसायचा फवारा लावू नका, त्यानं बारीक भेगा पडतात. साध्या वापरातले बाहेरचे ओरखडे पाण्याखाली फारसे दिसत नाहीत आणि पॉलिश करून निघतातही.

मेअखेर होड्या वर ओढल्या की मुख्य रिंग काढून, पुसून, छोट्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर तारीख घाला. पेटी कड्या न लावता, झाकण सैल ठेवून ठेवा. चार महिने दबून राहिलेली रिंग चपटी होते. कॅमेरा आणि काचा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, नाहीतर जुलैत भिंगावर बुरशीचं जाळं धरतं. बॅटऱ्या निम्म्या चार्जवर. ऑक्टोबरमध्ये नवी रिंग घाला, पेटीत कॅमेऱ्याऐवजी घडी केलेला टिश्यू कागद आणि वजनाला शिसं ठेवा, आणि पहिल्या बुडीला ती तशीच खाली न्या. वर आल्यावर कागद कोरडा असेल तर दुसऱ्या दिवशी कॅमेरा.